कारंज्यांतील पहिला हिंवाळा

‘कारंजा’ हें नांव कानीं पडतांच आपल्याकडील दत्तभक्त कुटुंबांत हात आपोआप जोडले जातात. गुहागर तालुक्यांतील आमचें खेडें सोडून आम्ही कारंज्यास राहावयास जाणार, ही वार्ता पसरली तेव्हां गांवांतील वृद्ध मंडळींनीं आमचें अभिनंदनच केलें. श्रीनृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानीं उतारवय घालवावयास मिळणें ही पूर्वपुण्याई, असें एका आजीबाईंनीं मला डोळ्यांत पाणी आणून सांगितलें. त्यांचा भ्रम दूर करणें जिवावर आलें होतें. पण शिक्षकाची जित्याची खोड! मीं नम्रपणें सांगितलें कीं, गुरुमहाराजांचें तें कारंजा (लाड), वाशीम जिल्ह्यांतलें. आम्ही चाललों तें कारंजा (घाडगे), वर्धा जिल्ह्यांतलें. नागपूर आणि अमरावती यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर, दोहोंच्या जवळजवळ मध्यावर तें वसलें आहे. आजीबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मग तेथें काय आहे?” या प्रश्नाला त्या दिवशीं मजपाशीं उत्तर नव्हतें. एक हिंवाळा तेथें काढल्यावर आतां तें सुचूं लागलें आहे, म्हणून हा लेख.

आमच्या स्थलांतराचें कारण वाचकांपासून लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. चिरंजीवांची बदली कारंज्यास झाली, हें लोकांना सांगावयाचें कारण. खरें कारण निराळें होतें. नोकरी संपून मी घरीं बसलों, धाकट्या बंधूंचे मुलगे कर्ते झाले, त्यांचीं लग्नें झालीं, आणि वडिलार्जित घर सर्वांनाच अपुरें पडूं लागलें. माजघराला लागून असलेल्या एका खोलीवरून शब्दाला शब्द वाढला. धाकट्या भावजयीच्या तोंडून जें वाक्य बाहेर पडलें, तें ती दुसऱ्या दिवशीं विसरूनहि गेली असेल. मीं मात्र तें पाठ केलें. पस्तीस वर्षें मुलांकडून पाठांतर करवून घेतलेल्या माणसाची स्मरणशक्ति अशा वेळीं फार घात करते. दसऱ्यानंतर चारच दिवसांनीं आम्हीं घर सोडलें. बंधु मोटारीपर्यंत सामान पोंचवावयास आले होते. मी त्यांच्याशीं एक अक्षरहि बोललों नाहीं.

पहिले दोन महिने कठीण गेले. कोंकणांत आमच्या ओट्यावरून समुद्राची गाज ऐकूं येई. येथें रात्रभर हमरस्त्यावरील मालमोटारींची घरघर. तांबड्या मातीच्या जागीं काळी माती, माडांच्या जागीं कडुनिंब आणि पळस. घड्याळाच्या हिशेबानें संध्याकाळहि लवकर होई. कारंजा आमच्या गांवाच्या सुमारें पांच अंश पूर्वेस आहे. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटें, या शाळेंतल्या हिशेबानें सूर्य येथें वीस मिनिटें आधीं माथ्यावर येतो आणि तितकाच आधीं कलतो. हें गणित मीं घरांत मोठ्या उत्साहानें समजावून दिलें. सौ.नें तें ऐकून घेतलें आणि ती म्हणाली, “म्हणजे उदास होण्याला येथें वीस मिनिटें अधिक मिळतात, इतकेंच ना?” त्यावर माझ्यापाशीं गणित नव्हतें.

भाषेनेंहि प्रथम आडकाठीच केली. शेजारच्या बाईंनीं पहिल्याच भेटींत विचारलें, “काय करून राहिल्या जी, काकूजी?” माझ्यांतला व्याकरणाचा मास्तर तत्काळ जागा झाला. पुढें कळलें कीं, ‘करून राहणें’ हें येथल्या बोलीचें चालू काळाचें रूप. हिंदींतील ‘कर रहे हैं’ याचें तें सख्खें भावंड. वाक्यांत येणारा तो ‘जी’ आदराचा आहे. थोड्याच दिवसांनीं त्याच शेजारीणबाई वाटीभर हिरवे दाणे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “काकूजी, सोले आणले.” आमच्याकडे सोलें म्हणजे रातांब्याची वाळविलेली साल; तिच्यावांचून सोलकढी होत नाहीं. येथें सोले म्हणजे तुरीच्या हिरव्या शेंगांतले कोंवळे दाणे! सौ.नें वाटींत पाहिलें, शेजारणीकडे पाहिलें, आणि आपापल्या सोल्यांचें वर्णन करतां करतां दोघीहि हंसूं लागल्या. आमच्या या घरांत ऐकूं आलेलें तें पहिलें हंसणें. त्या रात्रीं सोले-वांग्याची भाजी झाली, आणि ती फार चांगली झाली.

मार्गशीर्ष लागला आणि थंडीनें आपलें खरें स्वरूप दाखविलें. कोंकणांतील थंडी म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली एक चादर. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळें किनाऱ्यावरील गांवांना तो उन्हाळ्यांत गारवा आणि हिंवाळ्यांत ऊब पुरवीत असतो. विदर्भ समुद्रापासून शेंकडों मैल आंत आहे. येथें हिंवाळ्यांत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता मोकळ्या आकाशांत सोडून देते, आणि तिला अडवावयास ढगांचें पांघरूण नसतें. त्यांत उत्तरेकडील वारा सुटला म्हणजे मग विचारूंच नये. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उलट दुपारीं असें ऊन पडतें कीं, सकाळचा लोंकरी कोट खुंटीलाच बरा. पहाटे गांवावर धुराची एक आडवी रेघ पसरलेली दिसते. “आजोबा, धूर वर कां जात नाहीं?” असें नातीनें विचारलें. जमिनीलगतची हवा थंड व जड आणि तिच्यावरची हवा त्या मानानें ऊबदार असते. धूर थोडा वर चढतो, निवतो, आणि त्या ऊबदार थराखालीं अडकून पडतो. हें मीं तिला सांगितलें तेव्हां तिनें दुसऱ्या दिवशीं तें शाळेंत जाऊन आपल्या बाईंना सांगितलें. निवृत्तीनंतर मला मिळालेली ही पहिली विद्यार्थिनी.

या थंडीला येथल्या लोकांचें उत्तर म्हणजे शेकोटी. शेतांतून आणलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीचीं वाळलेलीं झाडें, आणि तुराट्या हें तिचें इंधन. पऱ्हाटी क्षणांत पेटते आणि तिचा निखारा बराच वेळ टिकतो. कोंकणांत आम्ही कोणाच्या ओट्यावर जावयाचें तर आधीं घरांत कोण आहे, कोणतें काम चाललें आहे, याचा अंदाज घेतों. शेकोटीला असलें कांहीं लागत नाहीं. तेथें गाडीवाला, दुकानदार, निवृत्त तलाठी आणि वाटेनें चाललेला परका प्रवासी शेजारीं शेजारीं हात पुढें करून बसतात. “या जी गुरुजी, सरका रे बाप्पा!” एवढेंच काय तें आमंत्रण. गव्हाला पाणी कधीं द्यावें, कापसाला भाव कोठें काय आहे, कोणाच्या मुलीचें कोठें ठरलें, हें सर्व मला शेकोटीवर कळलें. येथें एक इशारा दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ही ऊब उघड्यावरचीच बरी. रात्रीं दारें-खिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजण्याची चाल कोणीं ठेवूं नये. अशा शेगडींतून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाहीं आणि वासहि नाहीं; निजलेल्या माणसाला तो जागें होण्याची संधि देत नाहीं. घरांत म्हातारीं माणसें व तान्हीं मुलें असतील तेथें तर हें विशेष लक्षांत ठेवावें.

डिसेंबरच्या मध्यास सूर्य धनु राशींत गेला. मकरसंक्रांतीपर्यंतचा हा धनुर्मास, म्हणजेच आपला धुंधुरमास. सूर्योदयापूर्वीं स्नान, पूजा आणि नैवेद्य आटोपून उजाडतांच भोजन करावयाचें, हा परिपाठ आमच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. परंतु कोंकणच्या मऊ हवेंत तो बहुधा उरकण्यापुरताच होई. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत, ऋतुचर्येच्या अध्यायांत म्हटलें आहे कीं, हेमंतांत बाहेरच्या थंडीनें कोंडलेला जठराग्नि प्रबल होतो, रात्री दीर्घ असल्यामुळें मनुष्याला सकाळींच भूक लागते, आणि त्या अग्नीला अन्न मिळालें नाहीं तर तो शरीरांतील धातूच पचवूं लागतो. म्हणून या ऋतूंत अभ्यंग, ऊन पाणी, कोंवळें ऊन, आणि गहूं, उडीद, दूध, ऊंस असे स्निग्ध व मधुर पदार्थ यांचें सेवन करावें. हें सर्व मला तोंडपाठ होतें. त्याचा अर्थ मात्र कारंज्यास आल्यावर पोटानें समजला. येथें पौषांतील रात्र तेरा तासांहून मोठी. पहाटे पांचला जाग येते ती भुकेनेंच. एका रविवारीं आम्हीं शेजारच्या दोन कुटुंबांना धुंधुरमासाचें जेवण दिलें. मुगाची ऊन खिचडी, तीळ लावलेली भाकरी, लोण्याचा गोळा, आणि शेजारीणबाईंनीं स्वतः तुराट्यांच्या जाळावर भाजून दिलेल्या वांग्यांचें भरीत. पूर्वेकडे तांबडें फुटत होतें आणि ओट्यावर तीन घरचीं मुलें पंक्तीला बसलीं होतीं. सौ. वाढतां वाढतां थांबली आणि म्हणाली, “घर भरल्यासारखें दिसतें, नाहीं?”

त्या जेवणाची परतफेड शेजाऱ्यांनीं शेतावर बोलावून केली. आम्ही गेलों तेव्हां कपाशीचीं शेतें पांढरीशुभ्र झालीं होतीं. वेंचणीच्या आरंभीं येथें शेतांत पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवितात. त्याला ‘सीतादही’ म्हणतात. संस्कृतांत सीता म्हणजे नांगराची रेघ, तास. जनकाला नांगरतांना सांपडलेल्या कन्येचें नांव तेंच पडलें. ज्या शब्दाचा अर्थ मी फळ्यावर लिहून देत असें, तो येथें अक्षरओळख नसलेल्या बायाहि दहीभातानें पूजतात, हें पाहून मी थक्क झालों.

शेताला लागूनच संत्र्यांची बाग होती. नागपुरी संत्रें म्हणून जें सर्वत्र विख्यात आहे, त्याच्या मुलुखांतच कारंजा येतें. या संत्र्याला २०१४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. हें फळ मूळचें येथलें नव्हे. नागपूरकर भोसल्यांनीं तें औरंगाबादेकडून आणविलें, अशी परंपरा सांगतात. म्हणजे आज ज्याच्या नांवानें हा मुलूख ओळखला जातो, तेंहि एके काळीं आमच्याप्रमाणें सामानसुमान घेऊन आलेलेंच! बागेंत शेजारीं शेजारीं दोन प्रकारचीं झाडें दिसलीं. कांहीं फळांनीं वांकलेलीं, तर कांहींचीं पानें मलूल होऊन लोंबत होतीं. हीं झाडें आजारी आहेत काय, असें मीं विचारलें. बागाईतदार म्हणाले, “नाहीं जी. त्यांचें पाणी तोडलें आहे. ताण दिल्याबिगर संत्र्याला बहर धरत नाहीं.” हिंवाळ्यांत झाडाला कांहीं आठवडे पाणी देत नाहींत, मग पाणी सोडलें म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास तें फुलतें, म्हणून त्याला आंबिया बहार म्हणावयाचें. त्याचीं फळें पुढील हिंवाळ्याच्या तोंडीं हातीं येतात. उन्हाळ्यांत ताण देऊन पावसाच्या आरंभीं फुलणारा तो मृग बहार. त्याचीं फळें माघ-फाल्गुनांत. एका झाडावर दोन्ही बहार घेत नाहींत. झाडाला विश्रांति हवी.

बागेच्या कडेला गोंवऱ्यांचा आर पेटविला होता. त्यांत गव्हाच्या कणकेचे रोडगे पुरले होते. वरून राख झटकून ते फोडले, तुपांत बुडविले आणि वरण-वांग्याबरोबर आमच्या पत्रावळींत पडले. जेवणानंतर कोणी तरी म्हणालें, “पुढच्या खेपेला काकूजींना पानगे खाऊं घालूं.” सौ.चे कान टवकारले. पानगी तर आमची! तांदुळाचें पीठ केळीच्या पानावर थापून तव्यावर भाजलेली. येथले पानगे गव्हाचे, आणि ते पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजतात. पीठ निराळें, पान निराळें, चूल निराळी. पण युक्ति एकच आणि नांवहि एकच. परत येतांना बैलगाडींत ती मला म्हणाली, “इतकें कांहीं परकें नाहीं हो हें गांव.”

पौषांत चिरंजीवांनीं आम्हांस बोर धरणाकडे नेलें. तेथलें अरण्य २०१४ मध्यें व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झालें आहे. वाघानें आम्हांस दर्शन दिलें नाहीं, याबद्दल सौ.नें देवाचे आभार मानले. परंतु पाण्याच्या कांठीं बसून मीं नातीला पट्टकादंबांची हकीकत सांगितली. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंसजातीय पक्षी तिबेट, लडाख, मंगोलिया या प्रदेशांत पिलें वाढवितात आणि हिंवाळा पडतांच हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. विदर्भांतील जलाशयांवर ते या दिवसांत दिसतात. तिनें विचारलें, “मग ते परत जातात?” मीं म्हटलें, “जातात. वसंत लागला कीं जातात.” तिनें पुढें कांहीं विचारलें नाहीं. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला.

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडांत सोळावा सर्ग हेमंतवर्णनाचा आहे. तें वर्णन आपल्याच महाराष्ट्रांतील, नाशिकजवळच्या पंचवटीचें. शरद् संपून हेमंत आला आहे. पहाटे राम गोदावरीवर स्नानास निघाले आहेत. मागून सीतेसह लक्ष्मण हातांत कलश घेऊन चालला आहे. हा तुझा आवडता ऋतु आला, असें म्हणून तो धुक्याचें, लोंबलेल्या साळींचें, तहानलेल्या हत्तीनें थंड पाण्याला सोंड लावून ती मागें घेतल्याचें वर्णन करतो. उच्छ्वासानें आंधळ्या झालेल्या आरशाची चंद्राला दिलेली उपमा येथलीच. हें सर्व सांगतां सांगतां त्याला भरताची आठवण होते. या वेळीं भरतहि शरयूवर स्नानास निघाला असेल. इतका सुकुमार तो, ही थंडी कशी सोसत असेल? आणि लगेच कैकेयीबद्दल कठोर शब्द त्याच्या तोंडून निघतो. तेव्हां राम त्याला थांबवितात. मधल्या आईची निंदा करूं नकोस, तूं भरताचीच गोष्ट सांग, असें ते म्हणतात. वनवासाविषयीं दृढ झालेलें त्यांचें मनहि भरताच्या आठवणीनें पुन्हां लहान मुलासारखें होतें.

हा सर्ग मीं कित्येक वर्षें शिकविला. त्यांतील उपमा व छंद मुलांकडून घोटून घेतले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत एके पहाटे मी अंगणांत पाणी तापवीत बसलों होतों. सौ. तुळशीपाशीं उभी होती. ती आपल्याशींच बोलल्यासारखी म्हणाली, “भावोजी आतां आगर शिंपावयास विहिरीवर गेले असतील. थंडी थोडी असली तरी त्यांचा दमा उठतो.” मीं चटकन् उत्तर दिलें, “त्यांच्या घरच्यांना काळजी असेल. तिला बोलावयास जमतें, तर औषध द्यावयासहि जमेल.” ती माझ्याकडे वळली आणि शांतपणें म्हणाली, “तें राहूं द्या. भावोजींचें बोला.”

मी बंबाकडे पाहत बसलों. ज्या स्त्रीनें वाल्मीकीचें एक अक्षर वाचलें नव्हतें, तिनें रामाचें उत्तर मला दिलें होतें. आणि तो सर्ग उभा जन्म शिकविणारा मी, लक्ष्मणाच्या जागींच काय, पण त्याच्याहि एक पायरी खालीं उभा होतों. लक्ष्मणानें निदान आधीं भरताची काळजी तरी केली होती!

त्याच दिवशीं मीं बागाईतदारांकडून संत्र्यांची एक पेटी भरून घेतली. सौ.नें त्यांत गवताखालीं सोल्यांची पिशवी घातली. हे हिरवे दाणे इतक्या दूर टिकणार नाहींत असें मीं म्हटलें, तरी तिनें ते वाळवून घातलेच. पत्रांत मीं थंडीचें वर्णन केलें, रोडग्यांची कृति लिहिली, दम्यासाठीं छातीला तेल लावून शेकण्यास सांगितलें, आणि भावजयीला आशीर्वाद लिहिले. खोलीचा उल्लेख केला नाहीं. संक्रांत झाली. सौ.नें येथल्या रीतीप्रमाणें हळदीकुंकवाला तीळगूळ व वाण दिलें आणि रथसप्तमीपर्यंत घरोघर जाऊन आली. त्यानंतर कोंकणांतून एक पुडकें आलें. त्यांत आमचीं सोलें होतीं, रातांब्याचीं, भावजयीनें मीठ लावून बांधलेलीं. बरोबर बंधूंची चार ओळींची चिठ्ठी: शिमग्यास पालखी आपल्या दारीं येते, त्या वेळीं घरांत वडील माणूस असावें.

आम्ही जाऊन आलों. खोलीचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. भिंती कांहीं पत्रानें रुंद होत नाहींत. पण पालखीपुढें दोघे भाऊ उभे राहिलों. आपल्या एकत्र कुटुंबांतून हल्लीं कोणी ना कोणी नोकरीनिमित्त, मुलांनिमित्त किंवा अशाच एखाद्या बोलाचालीनंतर परगांवीं जातच असतो. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. नव्या गांवाशीं ओळख करावयाची तर हिंवाळ्यांत करावी. पहाटे उठावें, शेजाऱ्याच्या शेकोटीला हात धरावे, त्या मातींत जें पिकतें तें खावें, आणि आपलें चार घरीं वाढावें. आणि त्या आनंदांतला पहिला वांटा ज्यांना सोडून आलों त्यांच्याकडे पाठवावा. वांटा पाठविल्यावांचून तो आनंद अंगीं लागत नाहीं.

शिमग्याच्या त्या गर्दींत आजीबाई भेटल्या. कारंज्यास काय आहे, हें त्यांनीं पुन्हां विचारलें. मृग बहाराचीं संत्रीं मीं पिशवींत नेलीं होतीं. त्यांतलें एक त्यांच्या हातावर ठेवलें. त्यांनीं तें तेथेंच सोललें, एक फोड तोंडांत टाकली, आणि बिया नीट पुसून पदराच्या टोंकाला बांधून ठेवल्या.